आभाळाकडे बघणारा अजगर

तीन वाजायला पाच मिनिटं होती आणि वितयाच्या दुकानापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. भाजीवाल्या टोपल्या शेजारणीच्या भरवशावर टाकून आल्या होत्या, मोटारसायकलवाले हेल्मेटसकट उभे होते, शाळेतल्या दोन बाई मधली सुट्टी लांबवून आल्या होत्या. नदीपलीकडच्या लाओसमधूनही एक गाडी भरून माणसं आली होती. दुसऱ्या दिवशी एक तारीख; दर महिन्याच्या एकला आणि सोळाला लॉटरीची सोडत असते. बँकॉकपासून लांब, सीमेवरच्या आमच्या मुकदाहानमध्ये सोडतीच्या आदल्या दिवशी कुठे ना कुठे देव जागा होतोच. कधी तो केळीच्या वेड्यावाकड्या घडात असतो, कधी पाच पायांच्या वासरात. त्या वर्षी तो कासवं, सरडे आणि पोपट विकणाऱ्या दुकानात, काचेच्या पेटीत होता.

परदेशातून आणलेला पिवळा अजगर होता तो. लांबी दोन हातांची, जाडी मनगटाएवढी.

"चपला काढा! टोप्या काढा! मोबाईल खाली!" वितया ओरडत होता. "तुमचा नव्हे हो ताई. तुम्ही काढा फोटो, आणि चार जणांना पाठवा. मागचे, ढकलू नका, नागराजा पळून जात नाही. तो नदीच्या तळातून आपल्यासाठी आलाय. त्याला भूक नाही, झोप नाही, लोभ नाही. दानपेटी आहे ती फक्त तुमच्या मनाच्या हलकेपणासाठी!"

घड्याळात तीन वाजले आणि अजगर हलला. आधी मान थरथरली. मग ती हळूहळू वर उठली, इतकी वर की जबडा सरळ छताकडे झाला. आणि तो तसाच राहिला. आमच्याकडे प्रत्येक देवळाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी नाग असतात, मान उंच करून बसलेले. लहानपणापासून त्यांच्यामधून चढलेली माणसं आम्ही. पेटीतल्या त्या मानेची ओळख कुणी पटवून द्यावी लागली नाही. गर्दीतून एकच श्वास सुटला आणि दोनशे हात जोडले गेले.

मग पावडर आली. अंगाला लावायची साधी पांढरी पावडर लोकांनी काचेला फासली आणि पुसटलेल्या रेघांत आकडे शोधू लागले.

"चौऱ्याऐंशी!" तीनचाकी चालवणारे थोंगदीकाका ओरडले. "स्वच्छ चौऱ्याऐंशी!"

"अहो, तो तुमच्या अंगठ्याचा ठसा आहे," त्यांची बायको म्हणाली.

"अंगठा माझा गं, पण दाबला कुणी?"

माणसं हसली, पण आकडा सगळ्यांनी लिहून घेतला.

त्या गर्दीत माझी भाची लामदुआन होती. नवरा दूर रायोंग गावच्या कारखान्यात, ती इथे एकटी. झोळीत सात महिन्यांची मुलगी. लाडाचं नाव कुंग, म्हणजे कोळंबी, कारण जन्मली तेव्हा तशीच गुलाबी आणि वाकडी होती. पोर वजन धरत नव्हती, म्हणून आई वाळत चालली होती. वितयाने पेटीतल्या वाडग्यातलं पाणी चमच्याने तिच्या बाटलीत ओतलं.

"रोज पेजेत दोन थेंब. सोळा तारखेपर्यंत पोरगी हत्तीचं पिल्लू होते की नाही बघ."

लामदुआनने त्याला हात जोडले. मग वळून मलाही जोडले.

कारण ते पाणी मी भरत असे.

त्या दुकानात मी सहा वर्षं पिंजरे धूत होते. धूत होते म्हणजे काय, तेही सांगते. मागच्या खोलीत एकच बादली होती. तिच्यात कासवांचे टब, सरड्यांच्या थाळ्या आणि अजगराचा वाडगा, सगळं बुचकळायचं. साबण मागितला की वितया म्हणे, "जनावरांना साबणाची ॲलर्जी असते आजी." एका पेटीत सात-सात इग्वाना जातीचे सरडे एकमेकांच्या शेपट्यांवर बसत. दिवा इतका खाली टांगलेला की त्यांच्या पाठी भाजत. अजगराच्या पेटीला चारही बाजूंनी काच. दडायला खापराचा तुकडासुद्धा नाही. सापाला पापण्या नसतात. लपायलाही जागा नसेल तर त्याने बघणं थांबवायचं कसं?

अजगराच्या अंगावर बारीक उवा झाल्या होत्या. वितयाने एक बाटली आणून दिली. "ह्यात फडकं भिजवा, पेटीत खालच्या चटईखाली ठेवा आणि झाकण घट्ट लावा." मी ठेवलं. त्याच दुपारी अजगराने पहिल्यांदा मान वर केली. योगायोगाने ती सोडतीची आदली दुपार होती, आणि योगायोगाने थोंगदीकाका पोपटाचे दाणे घ्यायला आले होते. दुसऱ्या दिवशी सोडतीत काकांच्या तिकिटाचे शेवटचे आकडे जुळले आणि बक्षीस लागलं. पुढचं सांगायला नको.

तेव्हापासून फडक्याचाही मुहूर्त ठरला. महिन्यातून दोनदा, सोडतीच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला. "उवांचं औषध महिन्यातून दोनदाच द्यायचं असतं," वितया म्हणे. मधल्या दिवसांत अजगर कोपऱ्यात लोळागोळा होऊन पडलेला असे.

मला कळत नव्हतं का? हा प्रश्न पुढे मला विचारला गेला, म्हणून इथेच खरं लिहिते. अर्धं कळत होतं. फडकं मी ठेवते आणि देव येतो, एवढं तर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बाजारात बायका मला वाट करून द्यायला लागल्या होत्या. मासेवाली माझ्या पिशवीत एक मासा जास्त टाकायची. साठ वर्षांत मला कुणी हात जोडले नव्हते. हात जोडून घ्यायची चटक लागते. मी गप्प बसले.

पाचव्या दिवशी कुंगला ताप आला. सहाव्या दिवशी लंगोटात रक्त दिसलं.

लामदुआन दुकानात धावत आली. वितयाने पोरीच्या कपाळाला हातसुद्धा लावला नाही. "घाबरू नको. आतलं वाईट बाहेर पडतंय. पाणी वाढव. दोन थेंबांचे चार चमचे कर."

"चार चमचे?" मी विचारलं.

"आजी, तुम्ही बादली बघा."

मी बादली बघितली. तिच्यात अजगराचा वाडगा पालथा तरंगत होता. सकाळी त्याने त्यातच घाण केली होती. ती मी ओतून टाकली होती, वाडगा विसळला होता, आणि आता त्यातच उद्याचं तीर्थ भरणार होते. माझे हात थांबले. मग मी हात पुसले, लामदुआनचं बखोट धरलं आणि तिला तीनचाकीत बसवून सरकारी दवाखान्यात नेलं.

पोरीला सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आल्या. तरुण होत्या, आवाज बसलेला. तपासणीचा कागद हातात धरून त्या लामदुआनला म्हणाल्या, "घरात कासव, सरडा, साप असं काही पाळलंय का?"

लामदुआनचा चेहरा पांढरा पडला.  डॉक्टर नदीपासून दूर, बँकॉककडून आलेल्या. त्यांना दुकान माहीत नाही, अजगर माहीत नाही. एका कागदात त्यांना साप कसा दिसला?

"बघ मावशी," लामदुआन पुटपुटली, "नागराजाने ह्यांनाही सांगितलं."

"मला पोरीच्या शौचाने सांगितलं," डॉक्टर म्हणाल्या. "ह्यात जो जंतू सापडलाय ना, तो अशा प्राण्यांच्या आतड्यात राहतो. त्यांना त्याचा त्रास नसतो. त्यांच्या विष्ठेतून पाण्यात येतो, हाताला लागतो, तिथून तोंडात. मोठ्या माणसाला दोन दिवस जुलाब होतात. एवढ्या बाळाच्या रक्तात शिरतो. तुमच्या बाळाच्या शिरलाय. इंजेक्शनं चौदा दिवस द्यावी लागतील. एकही दिवस चुकवायचा नाही. मध्येच थांबलात तर जंतू मेंदूपर्यंत जाऊ शकतो."

मी त्यांना दाराबाहेर गाठलं आणि सगळं सांगितलं. वाडगा, बादली, फडकं.  मग त्यांनी पशुवैद्यक खात्यातल्या एका बाईंचा नंबर कागदावर लिहून दिला.

लामदुआनला मी वाडग्याचं सांगितलं तेव्हा ती माझ्यावरच उलटली.

"सहा वर्षं त्याचं मीठ खाल्लंस, आणि आता पोर आजारी पडल्यावर तुला घाण दिसली?"

"आधीही दिसत होती गं."

"मग पोरीला का पाजू दिलीस?"

 तिने तोंड फिरवलं. "वितयाशेठ म्हणालेत, पोरीचा जीव अंगातून उठून गेलाय. पंधरा तारखेला नागराजासमोर तो परत बोलावायचा, मनगटाला दोरा बांधायचा. मी तिला घेऊन जाणार."

जीव हाका मारून परत बोलवायची आमच्याकडे रीतच आहे. आजारपणात, लग्नात, पोरगा परगावी निघाला की, पांढरा दोरा मनगटाला बांधतात. मी स्वतः शेकडो दोरे बांधलेत, त्यात कुणाचं वाईट झालं नाही. पण इथे दोऱ्यासाठी सुई काढायची होती. पंधरा तारखेला इंजेक्शनांचा दहावा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत ती बाटली हातात घेतली. लिहायला-वाचायला मी उतारवयात, देवळातल्या वर्गात शिकले. तेव्हापासून बसच्या पाट्या वाचल्या, स्तोत्रं वाचली. ही बाटली मात्र वर्षभर महिन्यातून दोनदा हातात घेऊनही कधी वाचली नव्हती. बोट ठेवून वाचली. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली.

त्या पशुवैद्य बाईंचं नाव पिमचनोक. मी त्यांना फोन केला, आणि बारा तारखेला त्या गिऱ्हाईक म्हणून दुकानात आल्या. इग्वानांपुढे थांबल्या, टबातल्या कासवांची मऊ पडलेली पाठ अंगठ्याने दाबून बघितली, अजगराच्या पेटीपुढे उकिडव्या बसल्या. वितया आत फोनवर होता.

"आजी, हा खातो का?"

"दोन महिने उंदराला तोंड लावलं नाही."

"तोंडात बुडबुडे येतात?"

"येतात. लोक अमृत म्हणतात."

"न्यूमोनिया म्हणतात त्याला," त्या हळूच म्हणाल्या. मी बाटली दाखवली. त्यांनी झाकण उघडलं, हुंगलं, बंद केलं. "फडकं पंधराला ठेवायचं असतं ना? ठेवा. साध्या पाण्यात भिजवून ठेवा. मी माणसं घेऊन तीनला येते."

पंधरा तारखेला सकाळी अकराला मी नळाच्या पाण्यात फडकं भिजवलं आणि चटईखाली ठेवलं. वितयाने लांबून बघितलं, मान डोलावली. मला भीती कसली होती सांगू? पकडली जाण्याची नव्हती. तीन वाजता त्याने खरोखरच मान वर केली तर, ही भीती होती. इतके महिने बघितलेलं चार दिवसांच्या विचाराने पुसलं जात नाही. दुपारभर मी त्या पेटीकडे पाठ करून उभी राहिले, आणि दुपारभर मला पाठीवर ते डोळे जाणवत राहिले.

तीनच्या सुमाराला आधीच्यापेक्षा दुप्पट गर्दी होती. पुढे चटईवर लामदुआन, मांडीवर कुंग. पोरीच्या हाताला सुईची जागा पट्टीने झाकलेली. ती रडतसुद्धा नव्हती. कोळंबीसारखी गुलाबी पोर राखेच्या रंगाची झाली होती.

"शांतता!" वितयाने पांढऱ्या दोऱ्यांचा गुच्छ उंच धरला. "आज नागराजा फक्त आकडा देणार नाही. आज तो ह्या लेकराचा जीव नदीतून वर आणणार!"

तीन वाजले.

अजगर कोपऱ्यात पडला होता. मान जमिनीला टेकलेली.

"नागराजा मनाची तयारी करतायत," वितया म्हणाला.

तीन वाजून दहा. "कुणाच्या तरी मनात शंका आहे. ज्याच्या मनात शंका असेल त्याने बाहेर जावं."

"मग तुम्ही आत कसे?" मागून कुणी बाई म्हणाली. हशा पिकला. वितयाला तो झोंबला.

तीन वाजून वीस. लोक कुजबुजू लागले. थोंगदीकाकांनी पावडरचा डबा बंद केला. वितयाच्या मानेवरून घाम निथळत होता. त्याने काचेवर टिचकी मारली, मग मूठ मारली. अजगर हलला नाही. आणि मग तो माझ्याकडे वळून, दोनशे माणसांसमोर, रागाच्या भरात ओरडला:

"आजी! सकाळी फडकं नीट भिजवलंत का?"



"कसलं फडकं?" थोंगदीकाका म्हणाले.

मी पुढे झाले. झाकण उचललं, चटईखालून फडकं काढलं आणि बादलीत पिळलं. स्वच्छ पाणी पडलं. मग कमरेची बाटली काढली.

"इतके महिने मी हे ह्या बाटलीतल्या औषधात भिजवत होते," मी म्हणाले. "आज पाण्यात भिजवलं. देव आला नाही. वाचते, ऐका." मला वाचायला वेळ लागतो. कुणी घाई केली नाही. "कुत्र्यांच्या गोचिडांसाठी. फक्त अंगाबाहेर वापरावे. मासे, साप, सरडे यांना विषारी. बंद जागेत वापरू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे."

"म्हातारी चळली!" वितया ओरडला. "तिला अक्षर कळत नाही!"

"मला कळतं," दारातून आवाज आला. पिमचनोकबाई दोन अधिकाऱ्यांना घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हातमोजे चढवले, अजगराला अलगद बाहेर काढलं आणि चटईवर उताणा ठेवला. "बघा. निरोगी साप उताणा केला की लगेच पालथा होतो. मोजा."

लोक मोजू लागले. तीसपर्यंत मोजलं. अजगर तसाच पडून राहिला, पांढरं पोट वर. उघड्या दिव्याला लपेटून बसल्याने पोटावर भाजल्याचा वीतभर काळा डाग होता. मागच्या बायकांपैकी कुणीतरी तोंडावर हात ठेवला.

"हे औषध त्याच्या नसांत जातं," पिमचनोकबाई म्हणाल्या. "बंद पेटीत चार तास त्याची वाफ घेतली की वर कुठलं आणि खाली कुठलं हे त्याला समजेनासं होतं. मान आपोआप वर ओढली जाते, खाली आणता येत नाही. तो आभाळाकडे बघत नव्हता. त्याला दुसरीकडे बघताच येत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी तुम्ही त्याचा झटका बघायला जमत होतात."

"पण माझा आकडा लागला होता," थोंगदीकाका पुटपुटले.

"आणि त्यानंतर किती सोडती झाल्या काका?"

काकांच्या बायकोने उत्तर दिलं. "एकवीस. एकही नाही."

कुणी हसलं नाही.

लामदुआन हलली नव्हती. ती अजगराकडे बघत होती, आणि मग मांडीवरच्या पोरीकडे. दोघांच्या माना एकाच बाजूला कलंडल्या होत्या. मी तिच्यापुढे बसले.

"ह्याच वाडग्यातलं पाणी होतं. मी भरलेलं. ह्या माझ्या हातांनी. माझ्यावर राग धर, जन्मभर धर. पण आत्ता ऊठ."

ती उठली. थोंगदीकाकांनी गर्दीतून वाट काढत तीनचाकी आणली. त्या दिवसाचं इंजेक्शन पोरीला पावणेपाचला मिळालं. सुईसाठी शीर सापडायला तीनदा टोचावं लागलं. प्रत्येक वेळी लामदुआनने माझा हात दाबला, की नखं रुतवली, मला सांगता येत नाही.

चौदा दिवस पूर्ण झाले. कुंग वाचली. आता ती दुडूदुडू चालते, पण डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं. ते ह्या आजाराने की इतर कशाने, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. मी मात्र तिच्या डाव्या बाजूने कधी हाक मारत नाही.

वितयाचं दुकान बंद झालं, खटला चालू आहे. अजगर पिमचनोकबाईंकडे आहे. मी एकदा बघायला गेले होते. पेटीचं एक टोक ऊबदार, एक थंड. दिवा जाळीच्या आत. ताजं पाणी. कोपऱ्यात उलटं ठेवलेलं मडकं. अजगर मडक्याच्या आत होता, दिसलाच नाही. "दिवसभर असाच असतो," त्या म्हणाल्या. "हेच चांगलं लक्षण आहे." मान अजूनही कधीकधी थरथरते म्हणे. ती जाणार नाही.

बाजारातल्या काही जणी अजून मला वाटेत अडवून विचारतात, "चान आजी, नागराजा परत केव्हा येणार?" मासेवालीने जास्तीचा मासा बंद केलाय. आणि लामदुआनने एकदाच, कुंगला जेवू घालताना, मान खाली ठेवून विचारलं, "मावशी, तुला माहीत होतं ना?" मी हो म्हणाले. तिने पोरीला पुढचा घास भरवला.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. दुकानात जनावर बघाल तेव्हा त्याला प्यायला स्वच्छ पाणी आहे का, लपायला जागा आहे का, ऊब आणि गारवा दोन्ही आहे का, हे बघा. नसेल तर विकत घेऊ नका, तक्रार करा. सरडा, साप, कासव हाताळलंत तर हात साबणाने धुवा, आणि तान्ह्या मुलांना त्यांच्यापासून लांब ठेवा. कुठलंही जनावर विचित्र वागताना दिसलं तर हात जोडण्याआधी पशुवैद्याला बोलवा. आणि चमत्कार ज्याच्या हातून घडतो, त्या हाताने आधी काय केलं होतं, हे मोठ्याने विचारा. मी विचारलं नाही. तो हात माझाच होता.